आईचा फोटो, एचडीमध्ये

४ जानेवारी, सकाळी ८.
यंदा आईचा फोटो मी स्वतः नवा करणार. घरात तिचा एवढा एकच. मी चार वर्षांचा असताना ती गेली, त्यामुळे माझ्यासाठी आई म्हणजे हा फोटोच. फ्रेममध्ये ओल शिरून बुरशी पार चेहऱ्याशी आलीय. बाबा म्हणाले, माझे डोळे हायेत तवर नीट करून घे. स्मृतिदिन अठराला. भरपूर वेळ आहे.

५ जानेवारी.
बायकोने, अंजलीने, फारच धोशा लावला म्हणून उपनगरातल्या धनराज फोटोवाल्याकडे गेलो. बोलणं असं, जणू ऑपरेशनच करणार आहे. म्हणे, साहेब, फोटो काचेला चिकटलाय, काच काढू नका. काचेसकट ठेवून जा, वरूनच कॉपी घेतो, आठ दिवस लागतील. आठ दिवस! माझा मोबाईल आठ सेकंदांत करतो. जय भीम घातला आणि फ्रेम परत आणली. ऑफिसात एक्सेल अडलं की सगळे मलाच हाका मारतात, हे त्याला कोण सांगणार.

११ जानेवारी, रविवार.
काचेवरून स्कॅन केला तर चकाकी येणार. काच काढणे भाग आहे. व्हिडिओ पाहिला, दीडपट स्पीडने. कोमट पाणी, वीस मिनिटं. सोपं आहे.

दुपारी ४.
निघाला. बऱ्यापैकी. कपाळ, डोळे आणि अर्धा गाल तेवढा काचेला राहिला. त्या काळचे कागदच हलके. अंजलीने पाणी ओतून टाकलं आणि भांडी घासायला बसली. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

१२ जानेवारी.
कागद स्कॅन केला, गेलेला चेहरा ॲपने आपला आपण भरला! रंगीत. गोरीपान, दात पांढरेशुभ्र, गुलाबी साडीला जरीचे काठ. आईला जन्मात पैठणी मिळाली नाही, ती मी येवल्याला न जाता नेसवली. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. एकोणीस अंगठे. सिन्नरच्या सिंधुमावशीने, आईच्या सख्ख्या बहिणीने, विचारलं, पोरगी कुणाची रे, कुठं जमलं? मावशीला मोबाईलवर नीट दिसत नाही.

१८ जानेवारी.
भन्तेजी आले. त्रिशरण-पंचशील झालं. बाबांनी मेणबत्ती लावली, फुलं घेतली, मी छापून आणलेल्या नव्या फोटोजवळ गेले आणि तिथंच थांबले. म्हणाले, बाई देखणी हाय. पण तुझ्या आईच्या कपाळाला गोंदण व्हतं. ही कोण हाय? मी सांगितलं, बाबा, एचडीत असंच दिसतं. त्यांनी फुलं बुद्धमूर्तीपुढे ठेवली आणि न जेवता आत जाऊन पडले. मोतीबिंदू वाढलाय, दुसरं काही नाही.

२० जानेवारी.
बाबा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. शेवटी धनराजकडे गेलो, खरवडलेला कागद दाखवला. वाटलं, शिव्या घालेल. त्याने कागद उजेडात धरला आणि म्हणाला, कागदावरून गेलं ते काचेवर असतं, साहेब. काच तेवढी आणा. तिची कॉपी काढून दोन्ही जुळवतो, आई जशीच्या तशी येईल.

काच मी बारा तारखेलाच घंटागाडीत टाकली. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून पेपरात नीट गुंडाळून.

त्याला म्हटलं, आणतो. घरी येऊन खोलीचं दार लावलं, डोळे मिटले आणि आईचा चेहरा आठवून पाहिला. खूप वेळ पाहिला. गुलाबी साडीतली ती बाईच येते.