वाळूतली निवडणूक

२ फेब्रुवारी १९५७, शनिवार
महिला मंडळाच्या अध्यक्षपदाची मतं मोजली. मला नऊ. केमिस्टसाहेबांच्या सिंधुबाईंनाही नऊ. कारखान्याच्या कॉलनीत चार वर्षं दर मंगळवारचं भजन मी चालवते, पेटी मी वाजवते. ह्या बाईंना पुण्याहून येऊन पुरते आठ महिने झाले नाहीत. मला हेवा वाटला नाही. आश्चर्य वाटलं, इतकंच.
मॅनेजर बापूसाहेब चहाला थांबले होते. थट्टेनं म्हणाले, पुन्हा मतं कशाला? नीरेकाठी नवं गोल्फ केलंय, तिथं खेळा, जिंकेल ती अध्यक्षा. सिंधुबाई लगेच म्हणाल्या, माझी तयारी आहे. मग मला गप्प बसता येईना.

३ फेब्रुवारी, रविवार
हे नियम विचारून आले. काठीनं बॉल मारत मारत खड्ड्यात घालायचा. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. कमीत कमीत भागवायचं! लग्नाला अठरा वर्षं झाली, दुसरं काय केलं मी? निकाल लागल्यातच जमा.
बापूसाहेब विलायतेत शिकले. तिथं समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर हा खेळ खेळतात म्हणे. तशीच टेकाडं नदीकाठी सापडली म्हणून ही हौस. कुणीही यावं, खेळावं, अशी पाटी लावली आहे.
संकल्प: सिंधुबाईंचा विचारसुद्धा करायचा नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार
सराव. ह्यांची छत्री उलटी धरून परसात कवठ मारलं. छत्रीची मूठ निघाली. मूळचीच कच्ची होती.
जेवताना हे म्हणाले, सिंधुबाईंनी बारामतीहून कॅनव्हासचे बूट आणवले, बाई मोठी जिद्दीची. माझ्याबद्दल असा शब्द अठरा वर्षांत ऐकला नाही. आमटीत मीठ पडलं नव्हतं. मुद्दाम नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार
रोज पन्नास फटके मारायचे ठरवलं होतं. काल धुणं. आज पोथी. उद्या दीडशे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
मैदान बघून आले. वाळू, सराटे, मध्ये गवताचे पट्टे. कुंडलिक तिथं मेंढरं चारून गवत आखूड ठेवतो आणि काठ्याही सांभाळतो. एक काठी हातात दिली आणि म्हणाला, बाई, मुसळावानी धरू नगा, हितं काय कांडायचं न्हाय. मी मॅट्रिक आहे, असं त्याला शांतपणे सांगितलं. म्हणाला, व्हय, पर बॉलला त्ये कुठं ठावं हाय?
सिंधुबाई होत्याच. रोज येतात म्हणे. त्यांचा एक बॉल टेकाडापलीकडे गेला. वारा त्यांच्या बाजूचा होता.

१० फेब्रुवारी, रविवार, एकादशी. पहाटे साडेपाच
विठ्ठलाला सांगितलं, मला स्वतःसाठी काही नको. मंडळ फक्त भलत्या हाती जाऊ देऊ नकोस.

त्याच दिवशी, दुपारी
बायकांसाठी तीनच खड्डे ठेवले होते. सगळी कॉलनी लोटली. मी अनवाणी, पदर खोचून. पहिल्या खड्ड्याला माझे अकरा फटके, त्यांचे नऊ. वाळूत बॉल रुतला, तिथंच पाच गेले; शिवाय पोटात फक्त राजगिऱ्याचा एक लाडू. दुसऱ्याला माझे आठ, त्यांचे दहा. बरोबरी! ह्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी ते दिसलं नाही.
तिसऱ्या खड्ड्यालाही फटके सारखेच होत आले. दोघींचे बॉल खड्ड्यापासून हातभर. माझी पाळी. पुढं झाले आणि माझा पाय त्यांच्या बॉलला लागला. पाय लागल्यावर आपण काय करतो? बॉल उचलला, कपाळाला लावला, होता तिथं ठेवला.
बापूसाहेब हसू दाबत म्हणाले, वहिनी, दुसऱ्याचा बॉल उचलला की एक फटका दंड. म्हटलं, मी नमस्कार केला. म्हणाले, नमस्काराला दंड नाही, उचलण्याला आहे.
मग दोघींचेही बॉल एकाच फटक्यात आत गेले. म्हणजे एका फटक्यानं अध्यक्षपद गेलं. मागून कुंडलिक म्हणाला, बाई, पाया पडायचंच हुतं तर आपल्या बॉलच्या पडायचं की!
खरं पाहता मी हरलेच नाही. संस्कार आडवे आले.

११ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प: मंडळाची पायरी पुन्हा चढायची नाही. पेटी नीट झाकून ठेवली.
हे म्हणाले, बरी खेळलीस. विचारलं, खरंच? म्हणाले, हो. पुन्हा विचारलं, खरंच ना? त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी सिंधुबाई घरी आल्या. म्हणाल्या, वहिनी, मला खेळाची हौस होती, मंडळाची नाही. इतकी वर्षं तुम्ही केलंत, अध्यक्षा तुम्हीच व्हा.
मला भरून आलं. बाई वाटतात तितक्या वाईट नाहीत. पण पहिल्याच शब्दाला हो म्हणणं बरं दिसत नाही. म्हटलं, छे हो, जिंकलात तुम्ही. त्या म्हणाल्या, अहो, व्हा की. म्हटलं, मला घरचंच उरकत नाही. त्यांनी विचारलं, नक्की ना? म्हटलं, अगदी नक्की. चौथ्यांदा म्हणाल्या की हो म्हणायचं, असं ठरवून पोह्यांना फोडणी द्यायला आत गेले. बशी घेऊन येते तो बाई गेलेल्या.

संध्याकाळी
सिंधुबाई इथून थेट पलीकडच्या चाळीत प्रयागबाईंकडे गेल्या. प्रयागबाई अध्यक्षा झाल्या. भजनात ज्यांना धड टाळ धरता येत नाही, त्या. पहिल्याच शब्दाला हो म्हणाल्या म्हणे.
बाईमाणसानं एकदा तरी नको म्हणावं की नाही!