चोविसावा साचा

९ जानेवारी

वरचे पुढचे दोन दात गेले. अर्धे अर्धे तुटले. मिख्लदने चाकाचा पाना मारला.

अम्मानची सहाची फेरी माझी, अख्ख्या करकच्या स्टँडला ठाऊक आहे. आणि हा माणूस माझ्यापुढे बस घालून उतारू भरतोय! मी कॉलर धरली. हो, पहिला हात माझाच. पण मी हात लावला, त्याने लोखंड लावलं. तोंडातलं रक्त गिळत मी त्याला शोधत होतो आणि माझाच भाऊ नवाश मला मागून मिठी मारून धरून ठेवत होता. "दादा, पुरे." काय पुरे? एकच तर टोला मारला मी.

उद्या त्याचं डोकं फोडीन.

११ जानेवारी

फोडता येणार नाही. मिख्लदकडची मोठी माणसं आली आणि हाबिसकाकांनी तह दिला. आधी तीन दिवस, मग महिना, मग पुढे वाढवायचा. आमच्या घराण्यात काकांचा शब्द शेवटचा. तह असेपर्यंत कुणी कुणावर हात टाकायचा नाही, आणि पुरा समेट होईतो त्यांच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मला विचारलंही नाही. म्हणाले, "तुझं तोंड बरं होऊ दे, मग बोल."

तोंडात कापूस. मी काय बोलणार.

२ फेब्रुवारी

डॉक्टर लमीस म्हणून बाई आहेत. मला वाटलं तुटक्या दातांवर दोन टोप्या घालतील, मोकळा होईन. त्यांनी आरसा दिला नि म्हणाल्या, "दात मिटा, भाऊ. खालचे दात दिसतात का?" एकही दिसेना. वरचे दात खालच्यांना पुरते झाकतात, आणि खालचे थेट टाळूत रुततात. टाळूला खड्डे पडलेत म्हणे. चाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.

"अशा चाव्यावर, म्हणजे दात असे मिटत असताना, टोपी बसवली तर महिन्यात तुटेल. आधी चावा उघडायचा." पारदर्शक साचे. चौतीस. दर दहा दिवसांनी नवा. दिवसातले बावीस तास तोंडात. जेवताना काढायचे. चहा, कॉफी, काहीही गरम प्यायचं तर काढायचे, नाहीतर वाकतात.

बस चालवणाऱ्याला चहा नाही! मी म्हटलं, त्यापेक्षा दुसरा पाना मारा. बाई हसल्या नाहीत.

२१ फेब्रुवारी

काल पहिला साचा. आत, पुढच्या दातांमागे, दोन उंचवटे आहेत. खालचे दात त्यावर टेकतात आणि दाढा टेकतच नाहीत. साचा धरून राहावा म्हणून दातांवर मणी चिकटवलेत. जीभ सोलली गेली. रात्रभर कुणीतरी पकडीने एकेक दात खाली ढकलतंय असं वाटत होतं. दर कळेला मिख्लदचं नाव घेतलं.

आज स्टँडवर "सहा" म्हणायला गेलो तर थुंकी उडाली. पोरं हसली. एकाचं थोबाड फोडणार होतो.

१४ मार्च

रमजान. दिवसभर खाणं नाही, साचे तोंडातच. खिताम म्हणते, "तुमच्या डॉक्टरीणबाई खूश असतील." बायकोला सगळ्यात मजा दिसते.

११ मे

नववा साचा. आज नवाशला मारलं.

पेट्रोल पंपावर मिख्लदची बस शेजारी आली. त्याने सलाम केला, आणि नवाशने परत केला! माझ्या देखत. घरी आल्यावर कानाखाली दिली. सव्वीस वर्षांचा बाप्या, महिन्याभराने साखरपुडा. एक बोट उचललं नाही त्याने. गाल चोळत म्हणाला, "दादा, तुझा चावा उघडायला त्या बाईंना वर्ष लागतंय. तुझं डोकं उघडायला किती लागतील?"

त्याने दोन महिने माझी बस चालवली, माझं तोंड सुजलेलं असताना. ते आठवलं. पण माफी मागितली नाही.

३० जून

काही नाही. पंधरा मिनिटं भिंतीवर बुक्क्या मारल्या. बोटं सोलली.

१७ ऑगस्ट

डॉक्टर लमीस खूश. खालचे दात खाली बसतायत, आता त्यांच्या कडा दिसतात. टाळूचे खड्डे भरत आलेत. "चावा निम्मा उघडलाय. मोठ्या माणसाचं हाड हट्टी असतं, पण तुम्ही शिस्तीचे." मला शिस्तीचं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मग विचारलं, "रात्री दात खाता का? साच्यावर खुणा आहेत." हो म्हटलं. कुणाच्या नावाने, ते नाही सांगितलं.

२९ सप्टेंबर

समेट ठरला. १२ तारखेला, आमच्या अंगणात. काका म्हणाले, "मिख्लद स्वतः येईल. एका पेल्यातून तो कॉफी पिईल, मग तू पिशील. पेला रिकामा झाला की प्रकरण मिटलं." मी म्हटलं, मला नाही प्यायची. काका उठून जवळ आले. "सताम, तू नाही प्यायलास तर रक्त उघडं राहतं. मग तुझा दात नाही जायचा, कुणाच्या तरी घरातला माणूस जाईल. तरण्या पोरांच्या कमरेला काय असतं, ठाऊक आहे ना?"

नवाश बाहेर उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "पी रे दादा. माझ्या लग्नात मला बंदुकीचा पहारा नको."

पिईन म्हणालो.

८ ऑक्टोबर

चोविसावा साचा. हा सगळ्यांत दुखतोय.

१२ ऑक्टोबर

नवाशला भोसकलं.

१३ ऑक्टोबर

इस्पितळाच्या बाकावर लिहितोय. जे झालं ते नीट लिहून ठेवतो, उद्या सगळे विचारतील.

शंभरेक माणसं होती. मागणं मान्य होईतो प्यायचं नाही ही रीत, म्हणून त्यांच्या म्होरक्याने पेला न पिता खाली ठेवला, माफी मागितली. काका म्हणाले, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते मिळालं." ते प्यायले. मग मिख्लद पुढे आला. पेल्यातला घोट घेतला आणि तोच पेला भरून माझ्या हातात दिला. वाफा येत होत्या. साचा तोंडात होता. बाईंनी बजावलंय, गरम काही नाही. शंभर माणसांत तोंडात बोटं घालून लाळ गाळत ती पारदर्शक कवळी काढू? म्हणून पेला खाली ठेवला. एवढंच झालं.

मिख्लदचा भाऊ रकान उठला. "आमचा अपमान करायला बोलावलंत?" आमच्यातल्या कुणीतरी खुर्ची फेकली. मग काठ्या, दगड, कॉफीचं भांडं निखाऱ्यावर सांडलेलं, सगळी राख. मी एकाच्या तोंडावर गुडघा हाणला, हाड मोडल्याचं जाणवलं, आणि बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

नवाश मधे पडला. दोन्ही हात पसरून, "थांबा, त्याच्या तोंडात साचा आहे, म्हणून नाही प्यायला, थांबा!" असं ओरडत. रकानने पोटात सुरी घातली. दोनदा. नवाश खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

१५ ऑक्टोबर

नवाश गेला. पहाटेच्या अजानच्या आधी.

मीच आंघोळ घातली. पोटावर दोन चिरा, एवढ्याएवढ्याशा.

१९ ऑक्टोबर

रकान तुरुंगात आहे. त्यांच्या घराण्याची अकरा घरं गाव सोडून निघाली. खुन्याच्या बाजूच्यांनी आमच्या डोळ्यांसमोर राहायचं नाही, ही रीत आहे. ट्रकांवर गाद्या, फ्रिज, शेळ्या. मिख्लदची म्हातारी आई ट्रकच्या पुढच्या सीटवर. तिने काच खाली केली नि म्हणाली, "बेटा, एका प्लास्टिकच्या तुकड्यावरून आमच्या पोराने तुझा भाऊ मारला. अल्लाहने आम्हाला कसल्या मातीचं बनवलंय." ती माझी माफी मागत होती.

मी मान हलवली. निदान मी छातीवर हात तरी ठेवायला हवा होता.

खितामने फक्त एकदा विचारलं. "दोन सेकंद लागतात ना हो काढायला?" मी तिच्याकडे असं बघितलं की ती स्वयंपाकघरात गेली.

काका सगळ्यांना सांगतात, सतामचा दोष नाही, त्याला डॉक्टरची सक्ती होती. त्यांच्या म्होरक्यानेही ते मानलं. गावभर तेच चाललंय. जो येतो तो माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुला काय कल्पना" म्हणतो.

२७ ऑक्टोबर

डॉक्टर लमीस. पंचविसावा साचा कधी घालायचा विचारलं. त्या रडल्या. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं, एका वेळी चाललं असतं. एका पेल्याने काही बिघडत नाही. हा दोष माझ्याही माथ्यावर आहे." मी म्हटलं, नाही बाई, तुमचा कसला दोष. त्यांच्या हातातला आरसा मी माझ्याकडे वळूच दिला नाही.

२ नोव्हेंबर

साचा तोंडात नव्हता.

पेला घ्यायचा म्हणून सकाळी गाडीतच काढून डबीत ठेवला होता. प्यायचीच होती मला. पण पेला देताना मिख्लद हसला. त्याचे सगळे दात जागेवर होते.