बोटाएवढा आप्पा

९ जुलै
माळ्यावर फळीवरच्या छोट्या गल्लीची डावी बाजू पुरी झाली. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या दाढा ओतायच्या, आणि वाटीत उरलेल्या प्लास्टरची घरी कौलं. भाऊ, अण्णा, भिंग लावून बघत होता. "कौल लई नवं दिसालंय गं. जरा शेवाळ दे."
साखरेच्या आजारानं त्याचा उजवा डोळा गेल्या वर्षी नेला. डाव्यानं एवढं दिसतं अजून.

१४ जुलै
डॉ. म्हणाले, डाव्या डोळ्याच्या पडद्यावरही रक्त उतरतंय. इंजेक्शनं देत राहू.
"किती दिवस दिसंल?" अण्णानं विचारलं. डॉ. कागदावर लिहीत राहिले.
रिक्षात खासबाग आलं. मग म्हणाला, "घरं तू कर. माणसं मी उरकतो. आधी आप्पा."
फळीवर करायची ती वडगावची आमची जुनी गल्ली, ताणा पसरलेला सकाळचा वेळ. या दारापासून त्या दारापर्यंत सूत ताणलेलं, खाली टेकूला बांबूच्या कैच्या, आणि टोकाला आमचा बाप, आप्पा, सुताला खळ लावतोय. अण्णानं हे रोज बघितलेलं. माझ्या जन्मापर्यंत घरात पॉवरलूम आले, ताणा गल्लीतनं गेला, आणि मी चालायला लागायच्या आत आप्पाही गेला. तो सांगतो, मी बांधते. आता त्याचं सांगणंही घाईचं झालंय.

२ ऑगस्ट
रेशमाचा एकेक तंतू सुटा करून ताणा घातला. श्वास सोडला तरी हलतो.
वैनी जिन्यावरून डोकावल्या. "खरे माग भंगारात घातलासा, आणि आता भावाबहिणीनं हे खेळण्यातलं विणालायसा."
अण्णा हसला. मला हसू आलं नाही. त्यांचंही खरं आहे. नवऱ्याचा डोळा चाललाय आणि तो उरलेला डोळा इथं जाळतोय.

१० ऑगस्ट
आप्पा झाला, बोटाएवढा. अण्णा भिंग आणि नाक चिकटवून बसला होता इतके दिवस. ब्रश धरलेला हात दुसऱ्या हातानं धरायचा.
"बघ. जमलाय न्हवं?"
बघितलं. धोतर, दंडाचे स्नायू, खळीचा ब्रश, सगळं जिवंत. आणि तोंड वाकडं. डावीकडं ओढलेलं, ओठ चिमटल्यासारखे, गाल वर गेलेला. अर्धांगवायू झालेल्या माणसाचं तोंड.
"व्हय अण्णा. जमलाय."


१३ ऑगस्ट
आप्पाला डबीत घालून लॅबला नेलं. जेवणाच्या सुट्टीत लेन्सखाली धरला, मेण कोरायच्या हत्यारानं तोंड खरवडलं. शेजारी आप्पाचा फोटो. सरळ ओठ कोरले, मिशी रंगवली. हात जराही हलला नाही.
संध्याकाळी जागेवर ठेवला. अण्णाला कळणार नाही. भिंगातूनही आता त्याला नुसते रंगच दिसतात म्हणतो.
कुणी बघायला आलं तर हसायला नको, एवढंच होतं मनात.

२४ ऑगस्ट
चहा पिताना म्हणाला, "आज धुकं पडलंय काय गं?"
बाहेर लख्ख ऊन.
इंजेक्शनं पुरेनात. उद्या ऑपरेशन.

६ सप्टेंबर
पट्टी निघाली. खिडकी कुठं आहे ते कळतं त्याला. बस. डॉ. "थांबून बघू" म्हणाले. वैनी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. अण्णाच त्यांचा खांदा चाचपत होता.
मी माळ्यावर गेले नाही.

९ सप्टेंबर
निपाणीहून थोरली बहीण, आक्का, आली, अण्णाला बघायला. रडून झालं. मग म्हणाली, मला गल्ली दाखवा. एकटीच माळ्यावर गेली, खाली आली ती डोळे पुसतच.
"अण्णा, आप्पा काय केलाईस रं! अगदी फोटोतल्यागत."
अण्णाच्या हातात कप होता. "फोटोतल्यागत?"
"व्हय की. ओठ, मिशी, सगळं."
"तोंड सरळ हाय?"
"मग काय वाकडं असतंय?"
कप ठेवायला गेला, बशी चुकली. चहा चटईवर.
"खळ लावताना सुताची तार तुटली की टोक डाव्या ओठात धरायचा आप्पा. दोन्ही हातानं सांधायचा. सकाळभर तेच. तोंडच तसं पडलंतं त्याचं. फोटोपुरतं सरळ करून बसायचा."
आक्का "व्हय रं," म्हणाली. "आता आठवालंय मला. आमच्याशी बोलायचा तेपण तार न सोडता."

"रेखा, माझा आप्पा कुठं हाय?"
 माझी मान खाली, ती त्याला दिसली नाही. म्हणून तोंडानं सांगावं लागलं. आक्कासमोर, वैनींसमोर. तुझा डोळा गेला म्हणून आप्पाचं तोंड वाकडं झालं असं वाटलं मला, हेसुद्धा.
तो चटईवरचा चहा चाचपून पुसत राहिला. ओरडला असता तर…

१५ सप्टेंबर
तोंड परत करून बघतेय. तार धरलेला ओठ येत नाही. कधी वेडावतोय असा दिसतो, कधी दात दुखतोय असा. शेकडो जबडे हाताखालून गेले माझ्या, आणि बापाचा एक ओठ येईना.
अण्णाला विचारलं, ओठ नेमका कसा असायचा?
"तू बघितलंच न्हाईस. सांगून कुठनं यायचा?"
रागानं नाही. तेच जास्त लागलं.

१९ सप्टेंबर
लॅब. घर. अण्णा दिवसभर भिंतीकडं तोंड करून. वैनी म्हणतात, ते वरचं तेवढं काढा आता. कुणासाठी ठेवायचं?


२२ सप्टेंबर
ताण्यावर धूळ बसलीय. फुंकर मारायचा धीर होत नाही. गल्लीतली बाकीची माणसं अण्णानं केलीच नाहीत. दारं सगळी उघडी, आणि कुणी नाही. मीच केलेली घरं, मलाच ओळखीची वाटेनात.
आप्पाचं तोंड शेवटी पूर्ण खरवडून टाकलं. आता काहीच नाही तिथं. डबीत ठेवला.

२८ सप्टेंबर
रविवार. मी माळ्यावर नुसती बसले होते. जिन्यावर पावलं. अण्णा, एकटा, भिंतीला हात लावत. मी उठले तर म्हणाला, "बस. येतोय मी."
वेताचा मोडा चाचपून त्यावर बसला. फळीकडं तोंड, पण हात मांडीवरच. लावलाच नाही कशाला.
"आप्पा जागेवर हाय काय?"
"न्हाय. डबीत हाय."
"तोंड?"
"पुसलं सगळं."
 खालून कुकरची शिट्टी. मग त्यानं तळहात पुढं केला. मी आप्पाला त्यावर ठेवलं. त्यानं अंगठा हळूच वर नेला, धोतरावरून, दंडावरून, मानेपर्यंत. तिथंच थांबला. चेहऱ्यावर गेला नाही.
"अण्णा, मी…"
"असू दे."
आप्पाला शर्टाच्या खिशात घातलं आणि उठला. हात धरू दिला नाही. जिना उतरताना एका हातानं भिंत, एका हातानं खिसा.
अजून परत दिलेला नाही. मी मागितलाही नाही.