गेरूचा पट्टा

शनि., ५ जुलै १९८६
बाबांना अमेरिका दाखवायची म्हणून आठवडाभर गाडी दामटतेय. धबधबा झाला, बोट झाली, मॉल झाला. "बरं हाय" यापलीकडे शब्द नाही. आज परत येताना रस्ता चुकले आणि लष्करी तळामागच्या जुन्या वस्तीत शिरलो, तर म्हणे, "थांबव गाडी."

फौजी कुटुंबांची बैठी घरं. निम्म्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. पण प्रत्येक रांगेच्या टोकाच्या भिंतीवर ही मोठाली चित्रं. डोंगर, मासे, जहाजं, परेड. रंग उडालेले. आमचे रिटायर्ड सुभेदारसाहेब, म्हणजे बाबा, तासभर भिंतींसमोर, मी गाडीत डास मारत. धबधब्याला पाच मिनिटं दिली होती!

शनि., १२ जुलै
पुन्हा तिकडेच. "धबधब्यात काय पाह्यचं, पाणीच हाय."

डोरोथीबाई भेटल्या. सत्तरीच्या, नवरा सार्जंट होता, आता एकट्याच. त्या म्हणाल्या, बदली झाली की निघण्याआधी त्या घरातली मुलं रंगात हात बुडवून भिंतीच्या तळाशी पंजा उमटवायची. त्यांच्या रांगेच्या भिंतीवर त्यांच्या मुलाचा, रॉबीचाही आहे, फौजेत निघतानाचा. तो व्हिएतनामहून परत आला नाही.

घरं पाडणार आहेत. चित्राची भिंत ठेवायची की नाही ते बघायला २८ला कौंटीचे, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीचे लोक येणार. डोरोथीबाईंना बाकी काही नको, ती भिंत राहू दे.

मी बाबांना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी बाईंना एवढंच विचारलं, "मॅडम, इन्स्पेक्शन व्हॉट टाइम?" इथे आल्यापासून पहिल्यांदा चेहऱ्यावर तजेला.

गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, कामठी, सागर, बेळगाव... आपलं काय आहे कुठल्या भिंतीवर? क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी तुम्ही चुना मारायचात. दारामागच्या माझ्या उंचीच्या रेघांवरसुद्धा.

"क्वार्टर जशी भेटली तशीच वापस द्या लागते."

लहानपणीही हेच उत्तर. विषय खलास.

शनि., १९ जुलै
गेलो नाही. लेकीला, मीनलला ताप. बाबा तोंड फुगवून बसले, जणू मीच तिला ताप आणला. नवरा माझा, विलास, म्हणतो, "चिल यार, एन्जॉय करतायत ना." याला बोलायला काय जातं, ड्राइव्ह मी करते.

शनि., २६ जुलै
संताप संताप झालाय.

बाबांना डोरोथीबाईंकडे सोडून मीनलला पोहायच्या क्लासला नेलं. बाई त्यांना तण काढायचं सांगून चर्चच्या कामाला गेल्या. परत येते तर तण साफ, दगड एका ओळीत, झाडांचे बुंधे पांढरे. आणि भिंतीच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत गेरूसारखा विटकरी पट्टा, वर दोरी धरून मारलेली पांढरी रेघ. थेट कामठीची छावणी! बाईंच्या गॅरेजमधले जुने डबे शोधून काढले म्हणे.

मीनल : "आजोबा, व्हेअर आर द हँड्स?"

मी : "पंजे दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसले ना. पण पोपडे निघाले होते तिथं. साहेब लोक पयले खालीच पाह्यतात. तेवढ्यावरून पुरी भिंत फेल केली असती."

भिंत पास व्हावी म्हणून. काय बोलायचं या माणसाला!

डोरोथीबाई आल्या. बघितलं. ओरडल्या नाहीत, घरात गेल्या, दार लावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.  

सोम., २८ जुलै
सुट्टी टाकली. जायचंच नव्हतं, पण बाबा सकाळपासून कोट घालून, पदकं लावून दारात उभे.

कौंटीचे दोघे आले. एकाने पट्टा बघून मान डोलावली, "भिंत नीट ठेवलीय." मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात डोरोथीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि पट्ट्यावरून बोटं फिरवू लागल्या. हळूहळू सरकत गेल्या. एका जागी थांबल्या. "हिअर ही इज." जुना रंग जाड होता, पंजाच्या कडा खालून हाताला लागत होत्या. त्यांनी त्या माणसाचा हात धरून तिथे टेकवला. त्याने वाकून बोटांनी कड चाचपली. मग "कळवू" म्हणाला.

बाबा सावधानमध्ये. डोळे वाहतायत, पुसत नाहीत.  निघताना बाईंनी त्यांच्या कोटाच्या बाहीला हात लावला.

संध्याकाळी बघते तर किचनच्या दाराला मीनल पाठ टेकून उभी, बाबांच्या हातात पट्टी-पेन्सिल. घर भाड्याचं आहे, हे ओठांवर आलं होतं.

"तू पण ये."

"बाबा, छत्तीस वर्षांची आहे मी."

"ये म्हणतो ना."

उभी राहिले. टाचा उंचावून त्यांनी रेघ मारली. तिरकी आली. मग खिशातून खोडरबर काढलं, नीट मारतो म्हणाले.

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की मीनल दचकली.