टीव्हीवरचा अंधारातला बाप

८ ऑक्टोबर, मंगळवार
'व्हीटशीफ' पबमधली क्विझ उत्तम झाली. दर मंगळवारी तिथे प्रश्न मी काढतो, मीच विचारतो, आणि वाद झाला तर निकालही मीच देतो. गॅरी डक्सबरीने आजही वाद घातलाच. म्हणे, सर्वांत लांब नदी टेम्स नाही, सेव्हर्न. प्रश्नात 'संपूर्णपणे इंग्लंडमधली' असं स्पष्ट म्हटलं होतं. पण ऐकतो कोण? शेवटी नेहमीचं वाक्य टाकलं: प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम. बसला गप्प.
मला तिथे सगळे 'प्रोफेसर' म्हणतात. सोळाव्या वर्षी शाळा सोडून फरश्यांच्या गोदामात चिकटलेल्या माणसाला हा मान उगाच मिळत नाही.

९ ऑक्टोबर
क्लिनिकचा फोन. दोन वर्षांनी नंबर लागला. तारीख २१ नोव्हेंबर.
आमचं धाकटं तेरा वर्षांचं. जन्मापासून बेथनी, अलीकडे एलिस, हे मुलग्याचं नाव. म्हणतं, मी मुलगा आहे. सप्टेंबरात मुद्दाम लांबच्या शाळेत घातलं. तिथे सगळे त्याला मुलगाच समजतात, आधीचं कोणालाही ठाऊक नाही. तेव्हापासून सकाळी पोट दुखायचं थांबलंय. बायकोने, लोरेनने, मला शपथ घातली आहे की पबमध्ये चकार शब्द काढायचा नाही. सांगायची गरज नव्हती. मी दगड आहे.
प्रश्न आहे तो इंजेक्शनांचा. वयात येणं थोपवून धरणारी. काही डॉक्टर म्हणतात, मुलांना विचार करायला उसंत मिळते. काही म्हणतात, पुढे काय होतं याचा धड पुरावाच नाही. लोरेन म्हणाली, तू आधी एलिसशी बोल. बायकांचं हे असं. बोलण्याआधी माहिती नको?
ठराव: सहा आठवड्यांत हा विषय निकालात काढायचा. माझ्यापुरता नव्हे, एकूणच.

१४ ऑक्टोबर
लायब्ररीत सबंध दिवस. एका पेपरच्या मते डॉक्टर कसाई. दुसऱ्याच्या मते शंका घेणारा प्रत्येक जण राक्षस. दोघांनी एकाच अहवालातला एकच आकडा दोन तऱ्हांनी छापलाय. दोन्ही संपादकांना खरमरीत पत्रं. या लोकांना कोणी कामावर ठेवलं?
संध्याकाळी एलिस दारात येऊन उभं राहिलं. बाबा, वेळ आहे का, म्हणालं. म्हटलं, तुझंच तर काम चाललंय. गेलं. समजूतदार आहे.

२२ ऑक्टोबर
पत्रांना फळ आलं. एका संपादकाने माझं पत्र छापलं, ते वाचून टीव्हीवरच्या इमोजेन नावाच्या बाईंचा फोन. क्लिनिकवर कार्यक्रम करताहेत, त्यांना एक बाप हवा आहे. तोंड अंधारात, आवाज बदललेला, नाव नाही. देशात एवढे बाप असून निवड माझी झाली.
लोरेनला सांगितलेलं नाही. ती लगेच नको तो अर्थ काढेल.

२९ ऑक्टोबर
मँचेस्टरच्या हॉटेलात रेकॉर्डिंग. वाळकं सँडविच. बाई मला 'उत्तरेकडचा एक बाप' म्हणणार होत्या. किती हा ढोबळपणा. म्हटलं, लँकेशायर म्हणा. ॲक्रिंग्टनपासून चार मैल. फरश्यांच्या धंद्यात तीस वर्षं. बाई म्हणाल्या, एवढं सांगायलाच हवं का, ओळखतील लोक. दोनदा म्हणाल्या. म्हटलं, तुमच्या धंद्यात तपशिलाची एवढी भीती असते हे ठाऊक नव्हतं. त्यावर, तुमची मर्जी, म्हणाल्या.
मग विचारलं, मुलाला स्वतःला काय हवंय? प्रश्नाची मांडणी चुकीची होती. मी तिथल्या तिथे तीन बरे प्रश्न काढून दिले. एकही लिहून घेतला नाही. गर्विष्ठ बाई.
माझी नेहमीची पेन्सिल कानामागे ठेवू का, तेही मी विचारलं. सावलीत छान दिसते.

५ नोव्हेंबर
मैदानावर दर पाच नोव्हेंबरची मोठी शेकोटी, फटाके. एलिस नव्या दोस्तांबरोबर. त्यात गॅरीची मुलगी टिली पण, योगायोगाने एकाच वर्गात आहेत. काजळी फासलेली तोंडं, हातात पार्किन केकचे चिकट तुकडे. एलिस इतकं मोठ्याने हसलेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. जवळ जाऊन सांगितलं, तुझ्यासाठी मोठं काहीतरी होऊ घातलंय. कसलं, विचारलं. कळेल, म्हटलं.
गुपित राखणं किती सोपं असतं. लोक उगाच बाऊ करतात.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी
कार्यक्रम आज आठला. क्विझ नऊला. कल्पना सुचली. पबच्या टीव्हीवर सगळ्यांना तो दाखवायचा आणि 'चालू घडामोडी'ची फेरी त्यावरच घ्यायची. पबची मालकीण ब्रेंडा काउंटरवरून म्हणाली, प्रोफेसर, दोन पाइंट बिअर मारायला येतात रे लोक, शहाणपण शिकायला नाही. पण लावते म्हणाली. समोर मी, पडद्यावर मी, आणि एकाच्याही लक्षात येणार नाही. अंधाराची परीक्षाही होऊन जाईल.

तोच दिवस, नंतर
पडद्यावर काळी आकृती. कानामागे पेन्सिल. घोगरा आवाज म्हणाला, ॲक्रिंग्टनपासून चार मैल. एक-दोन माना टीव्हीकडे वळल्या. मग, फरश्यांचा धंदा. कोणीतरी खोकलं. मग बाईंनी एक आकडा सांगितला आणि आकृतीने तो दुरुस्त केला. बाईंनी हरकत घेतली. आकृती म्हणाली, प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम.
गॅरी म्हणाला, आयला, हा तर आपला ट्रेव्हर. सगळा पब खोखो हसत सुटला.
मग हळूहळू हसायचे थांबले. कारण आकृती पुढे बोलतच होती. आमचं धाकटं, मुलगी म्हणून जन्मलेलं, आता मुलाच्या नावाने नव्या शाळेत.
गॅरी माझ्याकडे बघत होता. म्हणाला, टिलीच्या वर्गातला एलिस? मी म्हटलं, उत्तरं फेरी संपल्यावर. कोणी हसलं नाही.
फेरी झाली नाही.

१३ नोव्हेंबर
टिलीला रात्रीच कळलं, वर्गाला सकाळी. एलिसच्या फोनवर काय काय येतंय ते लोरेनने मला वाचू दिलं नाही. शाळेत गेलं नाही. पोट दुखतंय.
लोरेन ओरडली असती तर बरं झालं असतं. चहा ढवळत म्हणाली, तुला एकच गोष्ट करू नको म्हटलं होतं, ट्रेव्हर. मी म्हटलं, चेहरा दिसत नव्हता. ती म्हणाली, तुझा चेहरा कोणाला हवाय? तू तोंड उघडलंस की पुरे. मी म्हटलं, संपादन वाईट झालंय, माझं संतुलित बोलणं कापलंय. ती म्हणाली, त्यांनी कापायला हवं होतं ते ठेवलं.
दुपारी दोघं मोरकमला, तिच्या बहिणीकडे. एलिसने जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. घाईत असावं.

१५ नोव्हेंबर
दारात एका पेपरचा बातमीदार. चिखलाच्या बुटांनी थेट पायपुसण्यावर. आडनाव बर्टविसल ना, म्हणाला, आणि चुकीचं लिहिलं. दुरुस्त करून दिलं. त्याची गाडी वळेपर्यंत लक्षात आलं नाही की त्याला खात्री नव्हती. ती मी दिली.
वर पोराचा फोटो मागत होता. तो दिला नाही. हे नोंदवून ठेवतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
ब्रेंडाने निरोप पाठवला, आज येऊ नको. क्विझ गॅरी घेतोय. सेव्हर्नवाला गॅरी. गल्लीपर्यंत हसण्याचा आवाज येत होता. प्रश्न सोपे असणार.

२१ नोव्हेंबर
आज क्लिनिक. दोघं मोरकमहून परस्पर गेली. मी डॉक्टरांसाठी प्रश्न काढून लोरेनला पाठवले होते. तिने ते उघडले नाहीत.
संध्याकाळी तिचा फोन. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनाचं आज काही ठरत नाही, आधी काही महिने नुसतं बोलायचं. मी म्हटलं, बघ, मी हेच म्हणत होतो. लोरेन म्हणाली, तू काहीच म्हणत नव्हतास. एलिस म्हणत होता. डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने सांगितलं की त्याला इंजेक्शनांची भीती वाटते, हवीत की नको ते कळत नाही. बाबांना विचारायचं होतं, म्हणाला, ते सगळं वाचतात. दोनतीनदा गेलो, त्यांना काम होतं.
मग ती म्हणाली, त्यापुढे डॉक्टरांशीही बोलेना. विचारतो, हे टीव्हीवर जाईल का.

२४ नोव्हेंबर, रविवार
वाहिनीला तक्रार लिहायला बसलो. कार्यक्रमात पार्श्वभूमीला दाखवलेली गिरणी आमच्या भागातली नाही, ब्लॅकबर्नची आहे. ढळढळीत चूक. दोन ओळी लिहिल्या. पुढे सरकलं नाही.
मोरकमला फोन केला. लोरेन उचलेल असं वाटलं होतं. एलिसने उचलला.
इतकी वर्षं दर मंगळवारी चाळीस प्रश्न काढतो. एक आठवेना.
तिकडे पाऊस आहे का, विचारलं.
म्हणाला, आहे. मग विचारलं, बाबा, हे रेकॉर्ड होतंय का?