बारीक अक्षरातलं नाव

सोमवार, ५ ऑगस्ट २००२

विश्वचषक संपून महिना झाला, तरी आमच्या शिवाजी पेठेत ब्राझीलचे झेंडे अजून आहेत. फुटबॉलच्या नादानं आमच्या थोरल्यानं तिकडच्या गाण्यांची सीडी आणली. काल तिच्यातली पुस्तिका वाचून दाखवली. चाली बांधणारा नि ध्वनिमुद्रण करून घेणारा माणूस एकच. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांना गायला लावलं. फोटो गायिकेचा, त्याचं नाव शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. मी विचारलं, "वाईट वाटत नसंल त्येला?"

"आबा, तितं पोरंठोरं त्येचीच गाणी म्हणत्यात की!"

आज गडमुडशिंगीला भजनाला गेलो. तिथल्या मंडळींनी एक अभंग धरला आणि मी दचकलो. आठ वर्षांपूर्वी मीच बांधलेली चाल! कुणाकडून कुणाकडे जात इथवर आलेली. शेजारचे बुवा कानाशी म्हणाले, "पावणं, नीट ऐका. आमच्या आज्याच्या वेळची चाल हाय."

'माझी' हा शब्द ओठांवर आला होता. का थांबलो? देवासमोर होतो म्हणून? की आज्याच्या वेळची वाटली, याहून मोठी शाबासकी नको होती म्हणून?

"व्हय, जुनीच दिसतीया," म्हणालो आणि टाळ धरला. ऊर मात्र भरून आला होता.

चाल माझी आहे. इथं, बारीक अक्षरात, लिहून ठेवतो.