उरुसाच्या मैदानाचं गेट

शुक्र. ३ ऑक्टो.
जुम्म्यानंतर सरफराजभाईंच्या घरी मीटिंग. शारजातला अल मजाजचा टॉवर, खाली खाडीचं पाणी, वर बिर्याणी. गावची बरीच घरं आली होती. विषय उरुसाचं मैदान. जमिनीचे वारस मुंबईत, त्यांना रिसॉर्टवाल्याने गाठलंय. आपण आधी घेतलं तर आपलं, नाहीतर स्विमिंग पूल. आजोबांच्या आजोबांपासून उरूस तिथेच भरतो. बांगड्या, खाजा, पाळणे, सावंतांची भजी.
स.भाई म्हणाले, "आयुष्यभर इकडे दुसऱ्यांचं बांधलं. आता आपलं वाचवू." टाळ्या.
ग्रुपवर 'वर्गणी' शब्द लिहायचा नाही, इथे परवान्याशिवाय पैसे जमवता येत नाहीत. ज्याने त्याने थेट गावच्या ट्रस्टला पाठवायचे.
मला काम: पोस्टर आणि भाषण. "नसरीन इमोशनल बोलते." माझा नवरा इक्बाल खूश. त्याचा व्हिसा स.भाईंच्या कंपनीवर, त्यामुळे मी त्यांच्यासमोर दिसलेली त्याला बरी वाटते.

रवि. १२ ऑक्टो.
पोस्टरवर हमीदाखाला. आईची धाकटी बहीण. तिचे यजमान, आमचे खालू, उरुसात लाकडी पाळणा फिरवायचे. ते गेले, ती मैदानाच्या कडेला त्याच झोपडीत राहिली. मूलबाळ नाही, एक बकरी. आई वारली तेव्हा मला तिनेच... असो.
व्हिडिओ कॉलवर इस्त्रीची ओढणी घेऊन बसलेली. म्हटलं, "खाला, जुनी घे. आणि दारात बस."
"जुनी कशाला गो? लोक बघतील ना?"
"म्हणूनच."
मुकाट्याने बदलून आली. झोया माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "मम्मा, शी लुक्स सो पुअर. पर्फेक्ट."
ओरडायला हवं होतं. पण फोटो खरंच पर्फेक्ट आला होता.

शनि. २५ ऑक्टो.
उम्म अल कुवैनला एका फार्मवर 'मित्रांचं जेवण'. जेवण केदार सावंतचं. त्याचं किचन दुबईत अल क्वोजला, भजीवाल्या सावंतांचाच नातू. मी बोलले. खालाचं बोलताना आवाज फुटला, मुद्दाम नाही. नंतर मुद्दाम तसाच ठेवला. मग मोठ्या स्क्रीनवर खालाला फोन लावला. ती बावरून म्हणाली, "पोरांनो, मैदान जाऊ देऊ नका." बायका रडल्या. एकाने जागच्या जागी पाचशे दिर्‍हाम म्हणजे बारा हजार सांगितले, दुसऱ्याने त्याच्या दुप्पट. मग चढाओढच लागली.
घरी येताना इक्बाल: "आज तू मैदान मारलंस." स्वतःच्याच कोटीवर हसला.

रवि. ९ नोव्हें.
मैदान आपलं झालं. मीटिंगला पेढे. मग स.भाईंनी लॅपटॉपवर ड्रॉइंग दाखवलं. चारी बाजूंनी कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, मोठं गेट, गेटवर देणगीदारांची नावं. मी झोपडी शोधत होते. तिच्या जागी पार्किंग.
केदारने विचारलं, "आणि हमीदाखाला?"
स.भाई म्हणाले, "अरे, हेरिटेज साइट आहे. तिथे झोपडं कसं शोभेल? मुंबईहून पत्रकार येणार."
"अहो, तिच्याच फोटोवर पैसे जमले."
"म्हणून काय तिच्या नावावर करायचं? खलास, पुढचा मुद्दा." आणि त्याच दमात, "केदार, माझ्या लेबर कॅम्पचे डबे जानेवारीपासून तूच घे."
केदार पेढा खात बसला. मी पण. इक्बालने टेबलाखाली माझा पाय दाबला होता. नसता दाबला तरी मी बोलले असते, असं नाही.
तिला सांगायचं काम माझ्याकडे. "तुझं ऐकेल ती."

रवि. १६ नोव्हें.
आठवडाभर टाळलं. आज फोन केला. तिला वाटलं उरुसाची तारीख सांगायला केलाय. सगळं सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, "मग त्या दिवशी माझं ऐकून लोक टाळ्या का वाजवत होते?"
माझ्या तोंडातून निघून गेलं, "खाला, मी तुला इकडे शारजाला बोलावते."
फोन ठेवल्यावर इक्बाल म्हणाला, "कुठे ठेवणार? एकच बेडरूम, ती झोयाला दिलेली, तिचं बोर्डाचं वर्ष." झोया इअरफोन काढून, "नॉट इन माय रूम, प्लीज."

शुक्र. २८ नोव्हें.
काल जेसीबी आला. झोपडीला कितीसा वेळ लागणार. ग्रुपवर व्हिडिओ, खाली अंगठे आणि 'माशाल्ला'. मी पण अंगठा दिला. न दिलेला दिसतो.
खाला आता गावात केदारच्या आईच्या पडवीत आहे. व्हॉइस मेसेज आला: बकरी विकली, विमानात घेत नाहीत ना म्हणून. तिकडे थंडी असते का, गोधडी आणू का. आवाज आनंदी. तिने माझं खरं मानलंय.

रवि. १४ डिसें.
केदारचा फोन. "आई म्हणते किती दिवस? तुझी मावशी आहे ना?" माझ्यावर चिडला. त्याला चिडायला मीच सापडले. मला तर चिडायला तेवढंही कोणी नाही.
इक्बालला पुन्हा विचारलं. व्हिजिट व्हिसा तरी. म्हणाला, "स.भाईंना विचार. ते हो म्हणाले तर माझी ना नाही."

शनि. १० जाने.
स.भाईंच्या ऑफिसात गेले. चहा पाजला, बसा म्हणाले. ऐकून घेतलं.
"इन्शाल्ला, करू. तीन महिन्यांचा व्हिसा करू. पण आधी गेटचं उद्घाटन होऊ दे. फीत तिनेच कापायची. लोक विचारतायत, त्या पोस्टरवरच्या बाई कुठे आहेत?"
"तिचं घर पाडलं, भाई."
"हो ना. म्हणून तर ती आली की कोणी काही बोलणार नाही."
हसून बोलले, वाईट बोलतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. निघताना म्हणाले, "ओढणी तीच असू दे, फोटोतली."

रवि. ११ जाने.
झोया क्लासला, इक्बाल खाली गाडी धुवायला. फोन लावला. खालाला सांगितलं, फीत काप, मग व्हिसा. शब्द फिरवून सांगितलं, पण हेच.
ती रागावली नाही. मागे केदारच्या आईची भांडी वाजत होती. मग अगदी साधं, काम समजून घेतल्यासारखं विचारलं:
"फीत कापताना मी उभी कुठं राहू गो? गेटाच्या आत की बाहेर?"
म्हटलं, विचारून सांगते.